जाकिटावरचा पदर

वसमतच्या स्टँडवर एसटी नुसती उभी असली, ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत असला, तरी भीमसिंग राठोड तिच्या मागून जात नसे. सगळ्या स्टँडला वळसा घालून, पेपरच्या टपरीपासून फिरून तो पुढच्या अंगाला यायचा. तोवर त्याची बायको पारुबाई गाठोडं सावरत दारापाशी पोचलेली असायची आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणायची, "आलं का आमचं नवरदेव मिरवून?" माणसं हसायची. भीमसिंगही हसल्यासारखं करायचा. पण त्याचे तळहात ओले झालेले असायचे, ते तो धोतराला पुसून टाकायचा.

हा माणूस मुळात भित्रा नव्हता. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा तो. त्याच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. माजलेल्या खोंडाला वेसण घालायची असली की आजूबाजूच्या गावांतून भीमसिंगलाच बोलावणं यायचं, आणि तो हातातली बिडी विझवून सावकाश उठायचा. भीती त्याच्यात शिरली ती शहाण्णव सालच्या हिवाळ्यात. कशी शिरली, ते त्यानं आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. वसमतकडच्या एका साखर कारखान्यालगत उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालायच्या, नवराबायकोनं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि टायरच्या बैलगाडीत रचून कारखान्यात न्यायच्या. कारखान्याच्या आत मोठं यार्ड. एका अंगाला बैलगाड्यांची रांग, दुसऱ्या अंगाला ट्रक आणि ट्रॅक्टर. क्रेनखाली गाडी लावायची म्हणजे ती उलटी, मागंमागं आणावी लागे. आणि या सगळ्याच्या मधून माणसं, बाया, पाण्याच्या घागरी.

गाडीवानाच्या अंगात एक सवय मुरलेली असते. बैलगाडीच्या मागून चालताना तो फळीवर हात ठेवतो. गाडी मागं सरकली तरी तो जागचा हलत नाही, जिभेनं टक्‌टक् आवाज करतो. आपलं माणूस चाकामागं आहे हे बैलाला कळतं आणि तो थांबतो. त्या सकाळी धुकं पडलं होतं. भीमसिंगचा चुलतभाऊ प्रेमसिंग पाणी प्यायला निघाला होता. जाता जाता तो एका उभ्या ट्रॉलीच्या फळीवर हात टेकून भीमसिंगशी बोलत राहिला. तेवढ्यात पुढच्या ट्रॅक्टरचा आवाज बदलला आणि ट्रॉली मागं यायला लागली. प्रेमसिंगनं हात काढला नाही. बोलता बोलताच, मान न वळवता, त्यानं जिभेनं टक्‌टक् केलं.

भीमसिंग दहा पावलांवर होता. त्यानं तोंड उघडलं. ‘प्रेम्या’ एवढंच म्हणायचं होतं. घशातून वारासुद्धा निघाला नाही.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धुकं हुतं साहेब. मला काय दिसलं न्हाई."

त्यानंतर ट्रॅक्टर मागं घेतानाचा तो चढता आवाज कानावर पडला, की भीमसिंग हातातली मोळी खाली टाकायचा. तो जवळच्या बैलगाडीचं जू घट्ट धरून उभा राहायचा. कामाला तर जावंच लागे. पारुबाईची त्याला फारशी काळजी नव्हती. ती जुन्या वळणाची, कमरेला लाल फेट्या, म्हणजे घेरदार घागरा, आणि अंगात आरशांनी मढवलेली कांचळीची चोळी. धुक्यातसुद्धा कुठूनसा उजेड पडायचा आणि ती लुकलुकायची. एवढ्या गर्दीत पारुबाई कुठं आहे, हे त्याला मान वर केली की दिसायचं.

दोन हजार चार साली त्याचे गुडघे गेले. मोळी उचलवेना. टोळीचा मुकादम रामजी एक दिवस त्याच्याकडं आला. तांड्यात रामजीच्या शब्दाला मान होता.

"भीमा, कारखान्याला यार्डात एक माणूस पायजे. ट्रक मागं येताना मधली माणसं बाजूला काढायची. बसल्या जागचं काम हाय."

"ट्रकाच्या मागं उभं राहायचं?"

"मंग काय टपावर बसवतील तुला?"

भीमसिंग नाहीच म्हणणार होता. पण त्याच साली त्याचा मुलगा योगेश आणि सून निता गाडी घेऊन यायचे होते. निता साखऱ्याकडच्या तांड्यातली, आदल्या वर्षी लग्न होऊन आलेली. पायाला चपळ, कामाला वाघीण. पहिल्याच खेपेला भीमसिंगनं दुरून पाहिलं, ती गाडीच्या मागून चालली होती आणि तिचा डावा हात फळीवर होता. प्रेम्याचा हात होता तसाच. संध्याकाळी तो स्वतःच रामजीच्या कोपीवर गेला आणि म्हणाला, "मी उभा राहतो."

त्याच आठवड्यात कारखान्यानं जाकिटं आणली. भडक नारंगी, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्ट्या. उजेड पडला की त्या पट्ट्या पेटल्यासारख्या दिसायच्या. यार्डात जो पायी फिरेल त्यानं ते घालायचं, असा साहेबांचा हुकूम. टोळीत दोन दिवस नुसता हसण्याचा धुडगूस चालला.

"माझ्या अंगावर आरशे कमी हायत व्हय?" पारुबाई म्हणाली. "मला कशाला हे भोपळ्याचं साल?"

"याडी, घाल," योगेश आईला म्हणाला. त्यानं स्वतःचं जाकीट चढवून छाती पुढं काढली होती. "रामजीकाका वाटणार न्हाई का मी आता? लोक सलाम करतील."

नितानं जाकीट हातात घेऊन पट्टीवरून बोट फिरवलं आणि लुगड्यावरून चढवलं. भीमसिंगनं ते तिरक्या नजरेनं पाहिलं आणि कितीतरी वर्षांनी त्याला जरा मोकळा श्वास आला.

तो श्वास तिसऱ्या दिवशी पुन्हा अडकला.

बैलगाड्यांच्या रांगेपासून पाण्याची टाकी पलीकडच्या अंगाला. मधून ट्रकांची वाट. बायांना घागर घेऊन ती वाट ओलांडावी लागे, आणि नेमका तिथंच भीमसिंगचा पहारा. निता आली. समोर सासरा उभा दिसला. तिनं रीतीप्रमाणे पदर डोक्यावरून पुढं ओढला, तोंडावरून छातीपर्यंत आणला, पाठीवर पसरला आणि अंग चोरून चालू लागली. लुगडं राखाडी रंगाचं. पदराखाली जाकीट पुरतं झाकून गेलं. एक पट्टी बाहेर राहिली नाही. आणि भीमसिंगनं काय केलं? तोही रीतीचाच माणूस. तो खाकरला आणि सुनेला वाट मिळावी म्हणून तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं. त्या दीड वर्षात निता सासऱ्यापुढं एक शब्द बोलली नव्हती. त्यानंही कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. पाणी हवं असलं तर तो भिंतीकडं बघून ‘पाणी’ म्हणायचा. तांड्यात हेच चांगल्या घरचं लक्षण. पण त्या दिवशी ट्रकाच्या वाटेकडं पाठ करून उभं असताना त्याला एकदम उमगलं, की सगळ्या यार्डात निता कुठंही जाकिटात दिसते आणि फक्त इथं, जिथं गाड्या उलट्या येतात तिथं, ती दिसेनाशी होते. आणि ती दिसेनाशी होते ते त्याच्यामुळं.

रात्रीच्या भाकरीला त्यानं पारुबाईजवळ विषय काढला.

"पारू, पोरीला सांग, यार्डात पदर जाकिटाच्या आत घे म्हणावं."

"अन् तोंड?"

"तोंड बी उघडं ठेव. आजूबाजूचं दिसाया नको?"

पारुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "म्या सांगू? सासऱ्याला तोंड दाखव म्हणून? टोळीतल्या बाया माझी काय गत करतील? तुमीच तिथून हटा. तुमी हटले की ती आपसूक पदर काढंल."

"मी हटलो तर ट्रक कोण बघंल?"

"काहून एवढं भेता तुमी? इतक्या बाया जातात, कुणाला काय झालं?"

भीमसिंगनं ताट सरकवलं. तो हात धुऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबाच्या झाडामागं उभं राहून पाहिलं. ट्रकवाल्यांनी शिव्या घातल्या. "ए म्हातारबा, लपाछपी खेळून राहिला का?" मग पुन्हा जागेवर. निता यायची, पदर ओढायची. तो पाठ करायचा आणि नुसते कान लावायचा. तिच्या पायांतल्या वाळ्यांचा आवाज पलीकडं गेला की तो श्वास सोडायचा. दिवसातून चार खेपा, पाच खेपा. जेवण जाईना. झोपेत तो जिभेनं टक्‌टक् करतो, असं पारुबाईनं योगेशला सांगितलं आणि दोघं हसले.

संक्रांतीच्या अलीकडची सकाळ. धुकं असं की क्रेनचा नुसता आवाज येत होता, क्रेन दिसत नव्हती. गुलाबचंद नावाचा ड्रायव्हर ट्रक उलटा घेत होता. एरवी त्याचा किन्नर, म्हणजे क्लीनर, मागं उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा, ‘येऊ दे’ म्हणून ओरडायचा. तो त्या दिवशी गावी गेलेला. ट्रक थोडा मागं आला आणि थांबला. क्रेनखालची आधीची गाडी अजून हलली नसावी. भीमसिंग ड्रायव्हरच्या अंगाला, वाटेच्या कडेला उभा होता. धुक्यातून वाळ्यांचा आवाज आला. निता घागर घेऊन आली होती.

ती थबकली, पदर खाली आला. तो खाकरला आणि वळला.

मग गुलाबचंदच्या ट्रकाचा आवाज बदलला.

भीमसिंग गर्रकन फिरला. ट्रक मागं येत होता. वाटेच्या मधोमध एक राखाडी आकृती, धुक्यातलंच जणू जाडसर धुकं, खाली मान घालून चाललेली. ट्रक इतका जवळ आला होता की तिनं हात मागं नेला आणि फळीवर टेकवला. ती थांबून सासरा कुठं उभा आहे त्याचा अंदाज घेत होती, त्याच्या अंगावरून जायला नको म्हणून.

त्यानं तोंड उघडलं. ‘निता’ म्हणायचं होतं. हे नाव त्याच्या जिभेनं कधी उच्चारलंच नव्हतं. घसा आठ वर्षांपूर्वी मिटला होता तसाच मिटला.

पाय मात्र सुटले. तो तिच्याकडं गेला नाही. तिच्यापर्यंत पोचलो असतो तर दोघं गेलो असतो, असं तो पुढं म्हणायचा, पण खरं तर त्या वेळी त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी तो ट्रकाच्या कडेकडेनं पुढं धावला, केबिनच्या आरशासमोर गेला आणि दोन्ही हात वर करून वेड्यासारखा उड्या मारू लागला. तोंड उघडं, आवाज नाही.

ब्रेक करकरला. मागं पितळ चेपल्याचा आवाज झाला.

त्याला मागं वळून बघायचं धाडस होईना. डोळे मिटून तो तिथंच उभा राहिला. मग वाळे वाजले. मग पारुबाईची किंकाळी आणि पाठोपाठ शिव्या. ट्रकला, ड्रायव्हरला, धुक्याला. शिव्यांवरून त्याला कळलं, की पोरगी जिवंत आहे. निता बाजूला फेकली गेली होती, कोपर सोलपटलं होतं. घागर मागच्या चाकाखाली जाऊन ताटासारखी सपाट झाली होती.

गुलाबचंद केबिनमधून उतरला. पुढच्या चाकाला टेकून खाली बसला.

"काका, मी मारली व्हती तिला," तो म्हणाला. "बराबर मारली व्हती."

भीमसिंग त्याच्या शेजारी बसला.

"ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो, काका. मागचं मला काय बी दिसत न्हाई. रोज अंदाजानं घेतो अन् देवाचं नाव घेतो. माणसाला वाटतं, ड्रायव्हरला दिसून राहिलं. कसं दिसंल? आज आरशात तुमचं हे नारंगी नाचताना दिसलं, म्हणून पाय दाबला गेला."

भीमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, वर बसलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि त्याला भीती नसते. गुलाबचंदच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

संध्याकाळी भीमसिंगच्या कोपीवर माणसं जमली. रामजी आला. निता आतल्या बाजूला, चुलीकडं तोंड करून बसली होती, कोपराला हळद लावून. चहा झाला. कुणी म्हणालं देवीला कोंबडं द्या, कुणी म्हणालं निताला आठ दिवस कोपीवरच ठेवा. भीमसिंग ऐकत होता. मग त्यानं पाचटाच्या भिंतीकडं बघत बोलायला सुरुवात केली.

"प्रेम्या गेला तवा मला दिसलं हुतं. मी खोटं बोललो. दहा पावलांवर हुतो मी. तो हात टेकून बोलत हुता, बैलाला करतो तसा आवाज करत हुता. मला वरडता आलं न्हाई. आज बी न्हाई आलं."

पारुबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"उद्यापासनं यार्डात सूनबाई माझ्यापुढं पदर घेणार न्हाई," भीमसिंग म्हणाला. "पदर कंबरेला खोचायचा, वरून जाकीट. तोंड उघडं. अन् मी पाठ करणार न्हाई."

"भीमा, काय बोलतो?" रामजी म्हणाला. "सासऱ्यापुढं सून उघड्या तोंडानं फिरली तर तांड्यावर काय सांगू मी?"

"सांग, जिती हाय."

रामजीनं पारुबाईकडं पाहिलं. रीतीची राखण शेवटी तिच्याकडं होती. पारुबाई नवऱ्याकडं वळली.

"म्हणून स्टँडला वळसा घालत हुते व्हय तुमी?" ती म्हणाली. "अन् मी मेली हसत बसली." मग सुनेकडं न बघताच तिनं आवाज चढवला, "ऐकलं का गं? उद्या पदर खोचून जायाचं. कुणी बाई काय बोलली तर माझ्याकडं लावून दे तिला."

रात्रभर भीमसिंगला झोप आली नाही. एकदा तोंडातून निघालं म्हणून भीती कमी होईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट आता ती सगळ्यांना ठाऊक झाली होती. उद्या पुन्हा धुकं असेल, पुन्हा तोच आवाज चढेल आणि पुन्हा घसा मिटेल.

सकाळी धुकं होतंच. गुलाबचंदचा ट्रक वाटेच्या तोंडाशी उभा होता, इंजिन चालू. भीमसिंग जागेवर पोचला तसा त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"काका, आजपासनं असं करायचं. आरशात तुमी दिसले तरच मी गाडी हलवणार. दिसले न्हाई तर क्रेनवाला बोंबलंना का, मी जागचा हलणार न्हाई. अन् बाया मधून जात असल्या की हात वर ठेवा, पलीकडं गेल्या की खाली करा, तवाच मागं येतो."

"बाकीचे ड्रायव्हर?"

"त्यांना मी सांगतो. जो ऐकणार न्हाई त्याला कालची घागर दाखवतो, ठिवली हाय मी."

भीमसिंग आरशात दिसेल असा उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. म्हणजे आता चाकाच्या अगदी जवळ उभं राहणं आलं. इंजिनच्या धडधडीनं त्याच्या पायाखालची जमीन थरथरत होती. हात वर, तळहातावरून घाम मनगटाकडं ओघळतोय.

धुक्यातून नारंगी रंग पुढं आला. निताच होती. पदर कंबरेला खोचलेला, जाकिटाच्या पट्ट्या ट्रकाच्या मागच्या दिव्यात लखलखत होत्या, डोक्यावर शेजारणीची घागर. तोंड उघडं. दीड वर्षात भीमसिंगनं सुनेचा चेहरा असा समोरून पाहिला नव्हता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले होते. तीही घाबरलेली होती, ट्रकला जास्त की त्याला, कोण जाणे. मागं रांगेतल्या दोन बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

भीमसिंगला एकदम फार लाज वाटली. काल सगळ्यांसमोर बोलून बसला होता खरा, पण मान आपोआप खाली गेली. नजर स्वतःच्या चपलांवर खिळली. वर केलेला हातही हळूहळू खाली येऊ लागला.

वाळ्यांचा आवाज वाटेच्या मधोमध थांबला.

"मामा," निता म्हणाली. आवाज बारीक होता, पण इंजिनच्या वर ऐकू आला. "खाली नका बघू. गाडीकडं बघा."

त्यानं मान वर केली, हात पुन्हा ताठ केला आणि ती पलीकडच्या टाकीपाशी पोचेपर्यंत ट्रकावरची नजर हलू दिली नाही.